उचल

कुपवाडच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मागच्या गाळ्यात,
दुपारी चारला ओतकाम सुरू झालं की
जिथं भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरतं,
तिथं मी हे यंत्र बांधत होतो.
सात महिने. रविवार धरून.

मोटारी भंगारातल्या प्रिंटरच्या,
पट्टा झेरॉक्सवाल्या हुक्केरीकडचा, रूळ ड्रॉवरचे.
हवा ओढायला माशांच्या टाकीचा पंप, उलटा जोडलेला.
सुई दिली जनावरांच्या डॉक्टरनं.
"कुणाला टोचायचीय?"
कुणालाच नाही, म्हटलं. उचलायचंय.
आणि टोक घासून बोथट केलं.
बूड मात्र कडाप्प्याचं,
कुणाच्या तरी मोडलेल्या ओट्याची फरशी.
तिच्यावर हळदीचा डाग आहे, घासून जात नाही.

उचलायचं काय, तर रेझिस्टर:
तिळाहून लहान,
शिंकलं की गेला.
एका बोर्डावर एकशे बारा.
बोर्ड जाणार स्टार्टरमध्ये,
स्टार्टर जाणार सावळजच्या कुठल्या तरी विहिरीवर,
जिथं रात्री दोनला लाइट येते
आणि एक फेज गेली
तर मोटार जळायच्या आत याला कळलं पाहिजे.

आजवर हे कुसाक्का मगदूम करायची.
चिमट्यानं. चौदा वर्षं.
त्याआधी तासगावला बेदाणा निवडायची,
हिरवा एकीकडे, काळा एकीकडे, काडी खाली.
"ह्ये बी तसंच की," पहिल्या दिवशी म्हणाली,
"फकस्त गोड न्हाई."

गेल्या दिवाळीत तिनं उचल मागितली,
मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं.
दिली. आणि त्याच रात्री
वहीच्या मागच्या पानावर
पहिल्यांदा यंत्राचं चित्र काढलं.
हे मी तिला सांगितलेलं नाही.

उचलायला ते लगेच शिकलं.
सुई खाली, टिच्, दाणा वर.
नेला बरोबर जागेवर, टेकवला, पंप बंद.
सुई वर आली,
टोकाला तो तसाच चिकटून.
पुन्हा. पुन्हा तसाच.
नळी बदलली. सुई बदलली.
थांबा वाढवला, अर्धा सेकंद, एक, दोन.
भाचा अभिनंदन म्हणाला, मामा, सरळ चीनचं मागवू.
तेवढ्यात चार वाजले,
आणि वाटीतले सगळे दाणे फरशीभर.

कुसाक्का काळा चष्मा लावून आली होती,
नुसती बघायला; महिनाभर बारीक काम बंद.
माझ्या पाठीमागं बराच वेळ उभी.
"सोडताना काय करतंय ह्ये?"
काही नाही. पंप बंद होतो.
"बंद झाल्यानं सुटतंय व्हय?
बेदाणा बोटाला चिकटला तर
आमी झटकत न्हवतो. झटकला की भलतीकडंच.
एवढीशी फुंकर मारायची.
त्येला कळंल न कळंल अशी."

जुन्या बीपी मोजायच्या यंत्रातली झडप काढली,
नळीला जोडली.
सोडताना हवा उलटी. चाळीस मिलिसेकंद.

सुई खाली. फुक्.
सुई वर. रिकामी.

अभिनंदननं व्हिडिओ काढला. मी चहा सांगितला, चार,
माणसं तीन होती.

आता एक बोर्ड अकरा मिनिटांत.
तिला पाऊण तास लागायचा.
वहीत तिच्या नावापुढं अजून आहे: उचल, बारा हजार.
रेघ मारावी म्हणून पेन काढलं दोनदा.
रेघ मारली तर ती विचारेल, का.

काल रिळं संपलेली मला कळली नाहीत.
यंत्र चालूच.
खाली जायचं, काही नाही ते उचलायचं,
काटेकोर जागेवर नेऊन ठेवायचं,
वर फुंकर.
सत्तरएक वेळा तरी.
कुसाक्का दारातून आली, चष्मा कपाळावर,
बघितलं, आणि एवढी हसली
की खुर्ची ओढून बसावं लागलं.
"आरं, उपाशी हाय त्ये," म्हणाली,
आणि नवीन रीळ फोडायला
नखानं टोक शोधू लागली.